डावीकडचा ब्रेक

गड्डीगोदामला, रेल्वे पुलाच्या अलीकडे
कवडू हेडाऊ माझ्या गाडीत अर्धा शिरलेला.
बाहेर फक्त पाय, एका चपलेला सुतळी बांधलेली.
आतून आवाज येतो :
"मॅडम, शिकणाऱ्याचं पायडल तर कोरंच हाये.
तुमच्याकडलंच झिजून राह्यलं.
गाडी चालवते कोण मंग?"

मी काही बोलत नाही.
पोळा परवा झाला, पाऊस नाही,
भादव्याचं ऊन टिनावरून सरळ मानेत उतरतं.

एकोणीस वर्षं डावीकडे बसते आहे.
हातात स्टीअरिंग नाही,
पायाखाली एवढंच एक लोखंड,
नको म्हणायचं.

वंजारीकाकू शंकरनगर चौकात
सिग्नल हिरवा झाला की डोळे मिटून निघायच्या.
बँकेतले टेंभुर्णे साहेब
गाय दिसली की दोन्ही हात सोडून नमस्कार करायचे.
गाईलाही सवय नव्हती.
कॉटन मार्केटच्या तोंडाशी एकदा
कांद्यांची हातगाडी, आणि आम्ही, आणि मधे एक वीत.
हातगाडीवाल्यानं त्या पोराकडे पाहिलंच नाही,
माझ्याकडे पाहिलं.
तो बघणं मला अजून आठवतं, त्या पोराचं नाव नाही.

कवडू बाहेर येतो, पायडल हातात देतो.
रबराच्या रेघा गेलेल्या, खालून लोखंड डोकावतं,
उजवीकडे पातळ,
न्हाणीघरातली शेवटची साबणाची वडी असते तसं.
पिनेचं भोक लांबट झालेलं.
"नुसतं रबर लावून भागत नाय.
अख्खंच बदलावं लागन."

त्याच्याकडे एक आहे. भंगारात निघालेल्या गाडीचं,
धंतोलीच्या कुठल्या डॉक्टरची,
घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.
"त्याइनं ब्रेक मारलाच नसन बहुतेक."
पिन बसते. रॉड जुळतो.
नट अर्धा फेरा घट्ट, मग पाव फेरा सैल.
"पाहा दाबून."
दाबते.
नवं रबर तळव्याला खरखरीत लागतं,
परक्या घरच्या पायपुसण्यासारखं.

जुनं त्यानं ड्रममध्ये भिरकावलं,
वर ओरडला, "घेऊन जा गे मारबत!"
ड्रम ठणकन वाजला
आणि गाडी उभी असून
माझा पाय खाली गेला.

हे असंच होतं. स्कूटरवर मागे बसले तरी होतं.
गेल्या रविवारी जेवताना शाल्मली म्हणाली,
हैदराबादला जातेय, नोकरी आहे,
आणि तो पण तिथेच आहे.
वरण वाढता वाढता
टेबलाखाली माझा उजवा पाय दाबला गेला.
फरशी काही थांबली नाही.

कवडूला साडेसहाशे दिले. पन्नास त्यानं परत केले,
"चहाचे," म्हणाला,
म्हणजे कोणाच्या चहाचे ते कळलं नाही.

संध्याकाळी पाचची बॅच.
मेडिकलच्या होस्टेलची नर्स, रंजुषा गेडाम,
तिसरा दिवस. पाठ ताठ, ओठ दाताखाली.
रविनगरच्या वळणावर ऑटो
न बघता, न विचारता, आडवा आला.
माझा पाय उठला,
पण या नव्या पायडलची उंची अजून त्याला ठाऊक नाही,
आधी कड लागली, मग हवा,
अर्धा श्वास उशीर झाला.

गाडी थांबली होती.

तिनं थांबवली होती.
ऑटोवाल्याला ती काहीतरी बोलली,
मेडिकलच्या वॉर्डातलं, मी लिहिणार नाही.
माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

पाय मागे घेतला. सीटखाली ठेवला.
मागून हॉर्न वाजत होते.
"घे पुढे," म्हटलं,
"पहिल्यावर.
क्लच हळू."